कोंदिसियोनेल पासे: तक्ता पाठ असूनही वाक्य का चुकतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. फ्रेंचची बी-वन पातळी झाली आहे, पुढच्या पातळीच्या डेल्फ बी-टू या परीक्षेची तयारी चालू आहे. कोंदिसियोनेल पासे, म्हणजे 'असं झालं असतं' सांगणाऱ्या फ्रेंच काळाचे तक्ते न अडखळता म्हणता येतात, पण निबंध लिहायला बसलं की नेमक्या याच काळावर शिक्षकांची लाल खूण येते. नमुन्यादाखल तुम्ही तीन वाक्यं दिली आहेत. 'सी झोरॅ स्यू, झ सरॅ वन्यू', म्हणजे कळलं असतं तर आले असते. 'झ दवॅ ल दीर', म्हणजे मी ते सांगायला हवं होतं. आणि 'एल ओरॅ आले आ ला गार', म्हणजे ती स्टेशनवर गेली असती. शेवटी एक शंकाही विचारली आहे: क्रियापदांच्या पुस्तकात या काळाचे दोन तक्ते दिसतात, पहिलं रूप आणि दुसरं रूप, त्यातला कोणता पाठ करायचा?

फ्रेंच शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. 'रॅ'मधला ॅ म्हणजे मोकळा ए, आणि नू-जोरियोंमधला ज 'बाजार'मधला समजा. जिथे स्पेलिंग महत्त्वाचं आहे तिथे अक्षरं सांगेन.

पुण्यात मराठी घरांतल्या मुलामोठ्यांना फ्रेंच शिकवताना ही तिन्ही वाक्यं मी वहीवहीत पाहते. म्हणून आधी एक दिलासा देते: तुमचा तक्ता खरंच पाठ आहे. 'झोरॅ स्यू' हे रूप शंभर टक्के बरोबर आहे, फक्त ते चुकीच्या जागी बसलं आहे. 'झ दवॅ' हेही बरोबर रूप आहे, पण वेगळ्या काळाचं, वेगळ्या अर्थाचं. तिसऱ्या वाक्यात प्रत्यय ठीक आहेत, सहायक क्रियापदाची निवड चुकली आहे. तेव्हा तोच तक्ता आणखी घोकून काही हाती लागणार नाही. अडचण मराठी वाक्य मनात तयार होतं तिथे सुरू होते, आणि तिथेच ती सोडवावी लागते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. फक्त बातम्या आणि मालिका समजून घ्यायच्या असतील तर यातलं निम्मं पुरे. परीक्षेत औपचारिक पत्र लिहायचं असेल तर सगळं लागेल. आणि फ्रान्समध्ये किंवा केबेकमध्ये लोकांत राहून बोलायचं असेल, तर मी जे चूक म्हणणार आहे त्यातलं काही तिथल्या माणसांच्या तोंडूनही ऐकू येईल. मी बी-टूचं लेखन डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

तक्ता एकदा झटकन उरकून टाकू. कोंदिसियोनेल पासे म्हणजे सहायक क्रियापदाचं कोंदिसियोनेल प्रेझाँ (त्याच काळाचं वर्तमान रूप) आणि पुढे मुख्य क्रियापदाचं पार्तिसिप पासे (भूतकाळी कृदंत). सहायकं दोनच, आव्वार (जवळ असणे) आणि एत्र (असणे), त्यामुळे पाठ करायचं ते खरं तर दोन क्रियापदांपुरतंच. झोरॅ, त्यू ओरॅ, इल ओरॅ, नू-जोरियों, वू-जोरिये, इल-जोरॅ. आणि झ सरॅ, त्यू सरॅ, इल सरॅ, नू सरियों, वू सरिये, इल सरॅ. मूळ भविष्यकाळाचं, प्रत्यय अँपार्फेचे, म्हणजे अपूर्ण भूतकाळाचे. ही जोडणी योगायोगाने झालेली नाही. लॅटिनच्या उतारकाळात मूळ क्रियापदापुढे 'असणे, जवळ असणे' या अर्थाच्या क्रियापदाचं वर्तमान रूप जोडून भविष्यकाळ घडला आणि त्याच क्रियापदाचं अपूर्ण भूतकाळाचं रूप जोडून कोंदिसियोनेल घडला. म्हणून हा काळ एका अंगाने भविष्य आहे आणि दुसऱ्या अंगाने भूत. भूतकाळात उभं राहून पुढे पाहिल्यासारखा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

लिहिताना यात एकच धोका आहे. झोरॅ, त्यू ओरॅ, इल ओरॅ, इल-जोरॅ या चौघांचा शेवट कानाला सारखा लागतो, पण लिहिताना पहिल्या दोघांना ए-आय-एस, तिसऱ्याला ए-आय-टी आणि चौथ्याला ए-आय-ई-एन-टी. शिवाय भविष्यकाळातलं 'झोरे' ए-आय वर संपतं, आणि बरेच फ्रेंच लोक 'झोरे' आणि 'झोरॅ' यांत उच्चाराचा फरक करतच नाहीत. शंका आली की कर्ता बदलून 'नू', म्हणजे आम्ही, करून पाहा. 'नू-जोरों' निघालं तर भविष्य, 'नू-जोरियों' निघालं तर कोंदिसियोनेल. फ्रेंच मुलांनाही शाळेत हीच युक्ती शिकवतात.

आता पहिल्या वाक्याकडे येऊ. माझ्या मते मराठी माणसाची खरी अडचण इथेच आहे.

शाळेच्या मराठी व्याकरणात संकेतार्थ शिकवतात: पाऊस पडला असता तर पीक आलं असतं. वाक्याच्या दोन्ही भागांकडे नीट पाहा. 'पडला असता', 'आलं असतं'. अट सांगणारा भाग आणि परिणाम सांगणारा भाग, दोन्हीकडे एकच घडण. मराठीला तेवढं पुरतं. फ्रेंचमध्ये मात्र अटीच्या भागात एक काळ आणि परिणामाच्या भागात दुसरा. 'सील आवॅ प्ल्यू' हा अटीचा भाग, प्ल्युस-क-पार्फेमध्ये, म्हणजे पूर्ण भूतकाळात. 'ला रेकोल्त ओरॅ एते बॉन' हा परिणामाचा भाग, कोंदिसियोनेल पासेमध्ये. म्हणजे मराठीतल्या एका 'असता'ला फ्रेंचमध्ये दोन ठिकाणी दोन वेगळी रूपं आहेत. विद्यार्थी 'असता' दिसला की दोन्हीकडे 'ओरॅ' लावतो. त्याच्या मातृभाषेच्या हिशेबाने तो अगदी सुसंगत वागत असतो.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. बोलताना आपण 'जर' बहुतेक वेळा गाळतो. 'कळलं असतं तर आले असते' यात 'जर' कुठेच नाही. वाक्य अटीचं आहे हे कळतं मधल्या 'तर'मुळे, तेही अटीचा भाग संपल्यावर. फ्रेंचमध्ये उलट आहे. 'सी', म्हणजे 'जर', सुरुवातीलाच हवा, आणि 'तर'साठी सहसा काहीच लागत नाही, स्वल्पविराम पुरतो. मराठीतून विचार करणारा आधी 'कळलं असतं' एवढंच पकडतो, त्याचं 'झोरॅ स्यू' करतो, आणि मग आठवण झाली की पुढे 'सी' चिकटवतो. काही जण 'तर'साठी 'आलोर'सुद्धा घालतात. ते चूक म्हणता येणार नाही, पण प्रत्येक वाक्यात आलं की खटकतं.

म्हणून मी वर्गात उलटा क्रम लावते. आधी मराठी वाक्यात 'तर'वर बोट ठेवायचं. 'तर'च्या डावीकडे जे क्रियापद आहे ते पहिल्यांदा लिहायचं, आणि लिहिण्याआधी कागदावर 'सी' आलेला असायला हवा. 'सी'च्या घरात फक्त 'आवॅ' किंवा 'एतॅ' चालतं: सी झावॅ स्यू, सी त्यू एतॅ वन्यू. मग 'तर'च्या उजवीकडचं: झ सरॅ वन्यू. वाक्यात 'तर' आधी नसून परिणाम आधी आला, 'मी आले असते, कळलं असतं तर', तरी नियम बदलत नाही. क्रम कोणताही असो, 'सी' ज्या क्रियापदाला लागून आहे त्याला 'रॅ' लागत नाही. फ्रान्समधल्या शाळांत मुलांना हेच एका ओळीत शिकवतात, 'ले सी नेम पा ले रॅ', म्हणजे 'सी'ला 'रॅ' आवडत नाहीत. फ्रेंच मुलांनाही अशी ओळ पाठ करावी लागते, यावरून ही चूक तिथेही किती सहज होते ते लक्षात येईल.

गंमत म्हणजे आपल्या 'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं' या म्हणीला फ्रेंचमध्ये जवळजवळ जुळी बहीण आहे: 'सी मा ताँत आँ-नावॅ, ओं लापेलरॅ मों-नोंक्ल'. तिथेही आत्या, तिथेही काका. काळ फक्त पासेऐवजी प्रेझाँ आहे, पण 'सी'च्या बाजूला 'आवॅ' आणि दुसऱ्या बाजूला 'रॅ' ही वाटणी तीच. नियम विसरलात तर ही म्हण आठवा.

आता दोन ठिकाणी गोंधळ होईल, म्हणून आधीच सांगते. पहिलं असं, की फ्रेंच माणसं बोलताना 'झोरॅ स्यू, झ सरॅ पा वन्यू' म्हणतात, म्हणजे दोन्हीकडे कोंदिसियोनेल. नीट ऐका: तिथे 'सी' नाही. 'सी' गाळला तर बोलीत दोन्ही बाजूंना 'रॅ' चालतो, आणि तेव्हा ते वाक्य थेट आपल्या मराठी वाक्यासारखं दिसतं. बोलायला हरकत नाही, परीक्षेच्या पत्रात नको. 'सी झोरॅ स्यू' मात्र कुणी बोलताना ऐकलंत तरी शाळा आणि परीक्षक ते चूकच धरतात.

दुसरं म्हणजे 'सी'चा एक वेगळा उपयोग. 'झ म दमाँदॅ सील ओरॅ आक्सेप्ते' हे वाक्य बरोबर आहे आणि त्यात 'सी'नंतर 'ओरॅ' आहे. अर्थ आहे, 'तो कबूल झाला असता का, असा मी विचार करत होते'. इथला 'सी' म्हणजे आपला 'का'. अट नाही, प्रश्न आहे. मराठीत उलटवून पाहा: 'तर' येतो की 'का' येतो? 'तर' आला तर 'रॅ' नको, 'का' आला तर चालेल. 'ओ का ऊ' हा शब्दप्रयोग मात्र मुळातच कोंदिसियोनेल मागतो. 'ओ का ऊ इल ओरॅ ऊब्लिये', म्हणजे तो विसरला असेल तर, असावं म्हणून.

परिणाम भूतकाळात न राहता आत्ताच्या क्षणाला येऊन टेकत असेल तर पासे सोडून प्रेझाँ घ्यायचा. 'सी झावॅ प्री ल त्रँ, झ सरॅ आ ल्यों', म्हणजे ट्रेन घेतली असती तर आत्ता ल्योंमध्ये असते. 'झ सरॅ आरिवे आ ल्यों' म्हटलं तर 'पोहोचले असते'. मराठीत 'असते' आणि 'पोहोचले असते' असा फरक आपण आपोआप करतो, तोच इथे पाळा. उलट, अट कायमच्या स्वभावाची असेल तर 'सी'च्या बाजूला अँपार्फेसुद्धा येतो: तो मुळात नीट वागणारा असता, तर त्या दिवशी किल्ल्या हरवल्या नसत्या. 'सी'ची बाजू आणि दुसरी बाजू यांचे काळ स्वतंत्रपणे ठरतात, ते साच्यातून जोडीने निघत नाहीत.

दुसरं वाक्य, 'मी ते सांगायला हवं होतं'. यात 'असता' नाहीच, म्हणून कोंदिसियोनेलची आठवणही होत नाही. 'होतं' दिसतं आणि हात अँपार्फेकडे जातो: झ दवॅ. पण 'हवं होतं' म्हणताना जे घडायचं ते घडलं नाही, हे आपण मनात धरूनच असतो. जे घडलं नाही त्याच्याविषयी फ्रेंच माणूस कोंदिसियोनेल पासेत बोलतो: झोरॅ द्यू ल दीर.

'दव्वार' (करायला हवं, भाग असणं) या क्रियापदाची तीन भूतकाळी रूपं मी नेहमी शेजारीशेजारी लिहायला लावते, कारण मराठीत तिघांना तीन स्वतंत्र वाक्यरचना आहेत आणि त्या आपल्याला जन्मापासून येतात. 'झ दवॅ ल दीर' म्हणजे मला ते सांगणं भाग होतं, किंवा मी ते सांगणार होते. सांगितलं की नाही, ते वाक्य बोलत नाही. 'झे द्यू ल दीर' म्हणजे मला ते सांगावं लागलं, सांगितलंच. 'झोरॅ द्यू ल दीर' म्हणजे सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही. मधल्या रूपाचा आणखी एक अर्थ आहे, 'इल आ द्यू ऊब्लिये', तो विसरला असणार. तोही लक्षात असू द्या, वाचताना वारंवार भेटतो.

मराठीतलं 'सांगायचं होतं' मात्र सांभाळून. 'मला तुला काहीतरी सांगायचं होतं' यात इच्छा आहे, तिथे 'झ वूलॅ'. 'तू मला आधी सांगायचं होतंस' यात तक्रार आहे, तिथे 'त्यू ओरॅ द्यू' किंवा 'त्यू ओरॅ प्यू'. 'ओरॅ द्यू' म्हणजे तुझं कर्तव्य होतं. 'ओरॅ प्यू' म्हणजे सांगता आलं असतं तुला, निदान तेवढं तरी करायचंस. घरात बोलताना 'प्यू' जास्त ऐकू येतो आणि जास्त लागतो. बी-टूच्या तक्रारपत्रात 'वू-जोरिये द्यू मँफोर्मे', म्हणजे आपण मला कळवायला हवं होतं, हे वाक्य फार कामाचं आहे. सभ्य आहे आणि ठाम आहे. कर्त्याचं नाव घ्यायचं नसेल तर 'इल ओरॅ फाल्यू', नुसतं 'करायला हवं होतं'.

इथे तीन बारीक गोष्टी चुकतात. 'द्यू'नंतर क्रियापद मूळ रूपात राहतं. 'झोरॅ द्यू दीर' लिहायचं, 'झोरॅ द्यू दी' नाही. 'यायला हवं होतं' म्हणताना सहायक 'दव्वार'चं असतं, 'वनीर'चं (येणे) नसतं, म्हणून 'झोरॅ द्यू वनीर', 'झ सरॅ द्यू वनीर' कधीच नाही. आणि 'द्यू'मधल्या यूवर छोटं छप्पर लागतं, नाही तर तो 'द' आणि 'ल' मिळून झालेला 'द्यू' वाटतो. 1990 च्या शुद्धलेखन सुधारणेत यूवरची बरीच छप्परं काढली, पण हे ठेवलं. ते फक्त पुल्लिंगी एकवचनातच असतं.

तिसरं वाक्य. 'ती स्टेशनवर गेली असती' याला एत्र हवं: एल सरॅ आले आ ला गार, आणि कर्ता स्त्री असल्यामुळे 'आले'च्या शेवटी आणखी एक ई. एत्र घेणाऱ्या क्रियापदांची यादी तुमच्याकडे असेलच. जाणं, येणं, पोहोचणं, निघणं, आत जाणं, बाहेर पडणं, चढणं, उतरणं, जन्मणं, मरणं, राहणं, पडणं, परतणं आणि त्यांचे नातेवाईक. ती यादी पाठ करावीच लागते. पण मराठी बोलणाऱ्याकडे एक जास्तीचं हत्यार आहे, ते वापरा.

वाक्य तृतीय पुरुषात करा आणि कर्त्याला 'ने' लागतो का ते पाहा. 'तिने पत्र लिहिलं असतं', 'ने' आहे, म्हणजे आव्वार: एल ओरॅ एक्री. 'ती गेली असती', 'ने' नाही, म्हणजे एत्र असू शकतं, आता यादी तपासा. 'असू शकतं' म्हणते, कारण 'ती झोपली असती', 'ती धावली असती', 'ती हसली असती' यांतही 'ने' नाही, तरी फ्रेंचमध्ये ती सगळी आव्वारची. म्हणजे 'ने' दिसला तर जवळजवळ निकाल लागला, 'ने' नसला तर यादीच खरी. 'जवळजवळ' अशासाठी, की स्वतःवर उलटणारी क्रियापदं नेहमी एत्र घेतात. 'तिने हात धुतले असते' यात 'ने' असूनही 'एल स सरॅ लावे ले मँ'. समोर 'स' दिसला की 'ने'चा विचार सोडून द्या.

ही कसोटी सगळ्यात छान चालते ती दोन्हीकडे जाणाऱ्या क्रियापदांवर. 'देसाँद्र' हे एकच क्रियापद फ्रेंच दोन्ही अर्थांनी वापरते, मराठी त्याचे दोन शब्द करते. 'ती उतरली असती': एल सरॅ देसाँद्यू. 'तिने सामान उतरवलं असतं': एल ओरॅ देसाँद्यू ले बागाझ. चढणं-चढवणं, निघणं-काढणं याही जोड्या तशाच. विद्यार्थी इथे नियम आठवत बसतात, पण मराठीत वाक्य केलं की 'ने' स्वतःच उत्तर देतो.

पार्तिसिपच्या जुळवणीतही मराठी मदत करते आणि एका ठिकाणी दगा देते. 'ती गेली असती, त्या गेल्या असत्या' यात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. एत्रचंही तसंच. तुमच्या पहिल्या वाक्यात 'झ सरॅ वन्यू' लिहिणारी स्त्री असेल तर 'वन्यू'ला ई लागेल, पुरुष असेल तर नाही. आपण 'आले असते' आणि 'आलो असतो' म्हणतो, अगदी तसंच. आव्वारबरोबर मात्र आपली सवय आडवी येते. 'मी चिठ्ठी लिहिली असती' यात आपण कर्माशी जुळवतो, कर्म आधी असो की नंतर. फ्रेंच फक्त कर्म आधी येऊन गेलं असेल तर जुळवते. 'झोरॅ एक्री ला लेत्र', कर्म नंतर आहे, काही बदल नाही. 'ला लेत्र क झोरॅ एक्रीत', चिठ्ठी आधी येऊन गेली, म्हणून ई लागला आणि टी ऐकूही आला. आणि कर्ता स्त्री आहे म्हणून 'एल ओरॅ मांझे'ला ई लावणं ही सगळ्यात सर्रास चूक. आव्वारचं कर्त्याशी देणंघेणं नाही. 'तिने आंबा खाल्ला असता' म्हणताना आपणही 'खाल्ली' म्हणत नाही ना?

नकारात 'पा' (नकाराचा शब्द) कुठे बसवायचा असं बरेच जण विचारतात. मराठीत नकार सहायकात शिरतो, 'असतं'चं 'नसतं' होतं, मुख्य क्रियापद जागचं हलत नाही. फ्रेंचमध्येही 'न' आणि 'पा' सहायकाला दोन्हीकडून धरतात: झ न त लोरॅ पा दी, मी तुला ते सांगितलं नसतं. सर्वनामंही सहायकाच्याच आधी.

इथवरचं थोडक्यात: 'तर'च्या डावीकडे 'सी' आणि आवॅ-एतॅ, उजवीकडे ओरॅ-सरॅ. 'हवं होतं' म्हटलं की ओरॅ द्यू. सहायकासाठी आधी 'ने', मग यादी.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण बी-टूच्या श्रवणात हमखास गोत्यात आणते. रेडिओवर ऐकू येतं, 'ल मिनिस्त्र ओरॅ देमिसियोने'. विद्यार्थी अर्थ लावतात, मंत्र्यांनी राजीनामा दिला असता. आणि मग 'पण का दिला नाही?' याचं उत्तर पुढच्या बातमीत शोधत बसतात. वाक्याचा अर्थ आहे, मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचं समजतं. दिला म्हणे. बातमी अजून पक्की नाही आणि वार्ताहर तिची जबाबदारी स्वतःवर घेत नाही, एवढंच तो काळ सांगतो. 'लाक्सिदाँ ओरॅ फॅ त्र्वा मोर', अपघातात तीन जण दगावल्याचं वृत्त आहे. आपली वर्तमानपत्रं 'समजते', 'कळते', 'असल्याचे वृत्त आहे' हे शब्द जिथे वापरतात, तिथे फ्रेंच वर्तमानपत्रं नुसता काळ बदलतात. ओळखायचं कसं? आसपास 'सी' नसतो, घडलं नाही असं सुचवणारं काही नसतं, आणि बऱ्याचदा 'स्लों ला पोलीस', म्हणजे पोलिसांच्या म्हणण्यानुसार, असा कुणाचा तरी हवाला असतो. हवाला आणि 'ओरॅ' एकत्र दिसले की मनात 'म्हणे' जोडा. बहुपर्यायी प्रश्नात 'हे खरं ठरलं आहे' आणि 'हे अजून निश्चित नाही' असे दोन पर्याय आले, तर या एका रूपावर उत्तर ठरतं.

आणखी एक उपयोग आहे, पण तो चटकन सांगून होतो. 'एल मा दी केल ओरॅ फिनी आवाँ मिदी', तिने मला सांगितलं की दुपारच्या आत तिचं काम झालेलं असेल. मराठीत इथे 'असेल' येतं, 'असतं' नाही. सुरुवातीला म्हटलं होतं की हा काळ भूतकाळात उभं राहून पुढे पाहतो, ते इथे उघड दिसतं. सांगणं काल झालं, काम संपायचं त्यानंतर होतं.

सरावासाठी माझा सल्ला असा. तयार गाळलेल्या जागा भरू नका, त्यात निर्णय कुणीतरी आधीच घेतलेला असतो. गेल्या आठवड्यात मनाला लागलेली एखादी खरी गोष्ट घ्या: चुकलेली बस, न केलेला फोन. मराठीत लिहा. मग तीच गोष्ट फ्रेंचमध्ये तीन प्रकारे लिहा: एकदा 'सी' घालून, एकदा स्वतःला बोल लावून 'झोरॅ द्यू', एकदा दुसऱ्याला 'त्यू ओरॅ प्यू'. वाक्य झालं की फक्त दोन गोष्टी तपासा, 'सी'ला लागून 'रॅ' नाही ना, आणि एत्र असेल तर जुळवणी झाली का. रोज तीनच वाक्यं करा, पण स्वतःची.

परीक्षेपुरतं सांगायचं तर डेल्फमध्ये शंभरपैकी पन्नास गुण आणि प्रत्येक भागात पंचवीसपैकी किमान पाच लागतात. लेखनात किमान 250 शब्दांचा मुद्देसूद मजकूर अपेक्षित असतो. तेवढ्या मजकुरात हा काळ दोन-तीनदा नेमका आला तर पुरेसा आहे. दाखवण्यासाठी तो ओढूनताणून आणू नका.

राहिली दोन तक्त्यांची शंका. पहिलं रूप म्हणजे आपण आत्तापर्यंत पाहिलं ते, तेच पाठ करायचं आणि तेच वापरायचं. दुसरं रूप, 'झ्यूस स्यू', मुळात स्यूबझोंक्तिफ प्ल्युस-क-पार्फेच आहे. ते जुन्या आणि साहित्यिक गद्यात भेटतं, आज कुणी बोलत नाही. लिहायला शिकू नका, ओळखायला शिका. ओळख एवढीच: तृतीय पुरुषात सहायक 'यू' किंवा 'फ्यू' असतं आणि त्यावर छप्पर असतं. 'सील्यू स्यू, इल फ्यू वन्यू', त्याला कळलं असतं तर तो आला असता. या जुन्या शैलीत 'सी'च्या दोन्ही बाजूंना तेच रूप येऊ शकतं, त्यामुळे कादंबरी वाचताना असं वाक्य दिसलं तर वर सांगितलेला नियम खोटा ठरला असं समजू नका. तो नियम 'ओरॅ' आणि 'सरॅ'पुरता आहे.